विश्लेषण : महागाई मोजायला शिकवणारे अर्थतज्ज्ञच मंदीत कसे बुडाले? आयर्व्हिंग फिशर यांचे काम आज का महत्त्वाचे?

रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी व्याजदर ठरवते, तेव्हा तिच्यासमोर दोन प्रकारची महागाई असते. पहिली सरकारी निर्देशांकातून दिसणारी, म्हणजे होऊन गेलेली. दुसरी लोकांच्या मनातली. येत्या तीन महिन्यांत आणि वर्षभरात भाव किती वाढतील, असे कुटुंबांना वाटते, याची पाहणी रिझर्व्ह बँक २००५ पासून करते. मनातल्या महागाईचा व्याजदराशी थेट संबंध असतो, हे आकडेवारीनिशी दाखवणाऱ्या पहिल्या अर्थतज्ज्ञांत अमेरिकेचे आयर्व्हिंग फिशर (१८६७-१९४७) यांचे नाव घ्यावे लागते. त्यासाठी त्यांनी वापरलेल्या पुराव्यांपैकी एक होता आपला चांदीचा रुपया. मात्र जगाला भाव मोजायला शिकवणाऱ्या फिशर यांचा स्वतःचा अंदाज १९२९ मध्ये साफ चुकला आणि त्यांची सारी संपत्ती गेली.

फिशर कोण होते?

न्यूयॉर्क राज्यातील सॉगर्टीज या गावी २७ फेब्रुवारी १८६७ रोजी फिशर यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक आणि शिक्षक होते. फिशर १७ वर्षांचे असताना वडील क्षयाने गेले. त्यानंतर येल विद्यापीठात शिकताना शिकवण्या घेऊन त्यांनी घराला हातभार लावला. त्यांचा मूळ ओढा गणिताकडे. विख्यात भौतिकशास्त्रज्ञ जोसाया विलार्ड गिब्ज यांचे ते विद्यार्थी. पुढे ते अर्थशास्त्राकडे वळले आणि १८९१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. बाजारात मागणी, पुरवठा आणि किंमत एकमेकांना कसे सावरतात हे दाखवण्यासाठी त्यांनी पाण्याच्या टाक्या, नळ्या आणि तरफा जोडून चक्क एक यंत्र तयार केले होते.

१८९८ मध्ये ते येलमध्ये प्राध्यापक झाले आणि त्याच वर्षी ज्या क्षयाने वडील गेले त्यानेच त्यांनाही गाठले. बरे होण्यात जवळपास तीन वर्षे गेली. त्यानंतर आरोग्य हा त्यांचा ध्यास झाला. मोकळी हवा, मोजका आहार आणि व्यसनमुक्ती यांचा त्यांनी आयुष्यभर प्रचार केला. १९१५ मध्ये एका डॉक्टरांसह लिहिलेले त्यांचे आरोग्यविषयक पुस्तक खूप खपले. याच सुधारणावादी आवेशात ते दारूबंदीचे कट्टर समर्थक झाले आणि अमेरिकेतील वंशसुधारणेच्या चळवळीचेही पुढारी बनले. माणसांची प्रतवारी लावणारी ही चळवळ पुढे विज्ञान आणि नीती या दोन्ही कसोट्यांवर त्याज्य ठरली. फिशर यांच्या चरित्रातला हा डाग पुसता येत नाही.

भारतीय रुपयाचा संबंध कसा आला?

फिशर यांचा ‘अ‍ॅप्रिसिएशन अँड इंटरेस्ट’ हा प्रबंध १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा प्रश्न साधा होता. पैशाची किंमत पुढे घसरणार असे सावकाराला आणि कर्जदाराला ठाऊक असेल, तर व्याजदर तोच राहील का? त्यांचे उत्तर होते, नाही. सावकार घसरणीची भरपाई मागेल आणि कर्जदारही ती द्यायला तयार होईल. म्हणजे आपण जे व्याज पाहतो त्यात दोन भाग असतात, एक खरे व्याज आणि दुसरा अपेक्षित महागाईचा.

आजच्या भाषेत सांगायचे तर मुदत ठेवीवर सात टक्के व्याज मिळत असेल आणि वर्षभरात महागाई पाच टक्के राहिली, तर ठेवीदाराच्या हातात खऱ्या अर्थाने पडतात सुमारे दोन टक्के. महागाई आठ टक्के झाली, तर खात्यातली रक्कम वाढूनही तिची खरेदीची ताकद घटते. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हे नाते फिशर यांच्याच नावाने ओळखले जाते.

हे तपासायचे कसे? दोन वेगवेगळ्या चलनांत परतफेड होणारे, पण एकाच सरकारने काढलेले कर्जरोखे त्यांना हवे होते. ते त्यांना लंडनच्या बाजारात सापडले. ब्रिटिश भारत सरकारच्या काही रोख्यांवर सोन्यात व्याज मिळे, तर काहींवर चांदीच्या रुपयांत. सरकार एकच असल्याने पैसे बुडण्याची भीती दोन्हींत सारखी. परताव्यात फरक दिसला, तर तो रुपयाच्या भवितव्याविषयी गुंतवणूकदारांना काय वाटते, हेच सांगणार होता.

तो काळ रुपयाच्या घसरणीचा होता. जगात चांदी स्वस्त होत गेली आणि तिच्याबरोबर रुपयाही. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला रुपयाला दोन शिलिंगांच्या जवळपास किंमत मिळे, ती १८९२-९३ पर्यंत सव्वा शिलिंगावर आली. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळीत लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे थांबवले. याच गुंत्याचा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या १९२३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सविस्तर उलगडा केला. चलनाची खरी कसोटी विनिमयदर नसून देशातील लोकांच्या हाती उरणारी त्याची क्रयशक्ती आहे, हा त्या ग्रंथाचा गाभा.

फिशर यांना आढळले, की रुपयातील रोख्यांवर गुंतवणूकदार सोन्याच्या रोख्यांपेक्षा जास्त परतावा मागत होते. म्हणजे घसरणीची अपेक्षा व्याजात उतरत होती. पण हा फरक रुपयाच्या प्रत्यक्ष घसरणीपेक्षा कमी होता. लोक भविष्याकडे पाहतात, मात्र अपुरे पाहतात आणि उशिरा सावध होतात. हा निष्कर्ष फिशर यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरला.

निर्देशांकात त्यांनी काय बदलले?

अपेक्षेची चर्चा करायची तर आधी प्रत्यक्ष महागाई नीट मोजता आली पाहिजे. भावांचा निर्देशांक काढण्याच्या पद्धती तेव्हाही होत्या, पण त्यांत मोठा घोळ होता. समजा, तूरडाळ महागली म्हणून घरात मूग आणि मसूर जास्त शिजू लागली. आता महागाई काढताना जुनी यादी धरायची की नवी? जुनी धरली तर महागाई फुगून दिसते, कारण लोकांनी तूरडाळ कमी केल्याचे तिला माहीत नसते. नवी धरली तर महागाई कमी दिसते, कारण लोकांनी केलेली काटकसर तिच्यात आधीच मिसळलेली असते.

१९२२ च्या ‘द मेकिंग ऑफ इंडेक्स नंबर्स’ या ग्रंथात फिशर यांनी निर्देशांकाची शंभराहून अधिक सूत्रे एकाच आकडेवारीवर तपासली. त्यांतून त्यांनी जे सूत्र आदर्श ठरवले, ते दोन्ही याद्यांचा मान राखते. दोन्ही निर्देशांकांचा गुणाकार करायचा आणि त्याचे वर्गमूळ काढायचे. जुन्या यादीने निर्देशांक ११२ आणि नव्या यादीने १०८ आला, तर आदर्श निर्देशांक सुमारे ११०. अमेरिकेची राष्ट्रीय उत्पन्नाची आकडेवारी आजही या सूत्रावर आधारलेली आहे.

ते पुस्तक लिहून थांबले नाहीत. १९२३ पासून न्यू हेवन येथील आपल्या घरातून कर्मचाऱ्यांच्या मदतीने त्यांनी घाऊक किमतींचा साप्ताहिक निर्देशांक काढायला सुरुवात केली आणि तो वृत्तपत्रांना पुरवला. सर्वसामान्य वाचकाला दर आठवड्याला महागाईचा आकडा मिळू लागला. आपल्याकडे २००९ पर्यंत घाऊक महागाईचा आकडा दर आठवड्याला जाहीर होत असे आणि शेअर बाजार त्याची वाट पाहत असे, हे अनेकांना आठवत असेल. तशा सवयीची ती अमेरिकेतील सुरुवात होती. त्याच सुमारास, १९२१ मध्ये, मुंबई इलाख्याच्या कामगार कार्यालयाने मुंबईतील श्रमिकांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक काढायला सुरुवात केली होती. पहिल्या महायुद्धातील भाववाढीने जगभर हा प्रश्न ऐरणीवर आणला होता.

पैशाचा आभास म्हणजे काय?

१९१४ ते १९२० या काळात अमेरिकेतील किरकोळ भाव दुपटीच्या आसपास गेले आणि लगेच पुढच्या वर्षी कोसळले. तरीही बहुतेक माणसे डॉलरला स्थिर समजत आणि वस्तू महाग किंवा स्वस्त झाल्याचे मानत. फिशर यांनी याला पैशाचा आभास म्हटले आणि १९२८ मध्ये त्याच नावाचे पुस्तक लिहिले.

त्यातला जर्मनीचा प्रसंग प्रसिद्ध आहे. १९२२ मध्ये मार्कची किंमत वेगाने घसरत असताना फिशर तिथे गेले होते. एका दुकानात त्यांनी शर्ट घेतला. तसाच शर्ट पुन्हा दुकानात आणायला आपल्याला तितकेच पैसे पडतील, असे दुकानदार बाईंनी सांगितले. आपण तो पूर्वी कमी मार्कांत घेतला असल्याने या विक्रीत नफा झाला, असेही त्या म्हणाल्या. प्रत्यक्षात ज्या मार्कांत त्यांनी शर्ट खरेदी केला ते मार्क आणि विक्रीतून आलेले मार्क यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडला होता. वहीत नफा दिसत होता आणि भांडवल मात्र आटत होते.

यावर फिशर यांनी उपायही सुचवले. डॉलरमधले सोन्याचे वजन निर्देशांकानुसार कमी-जास्त करावे, म्हणजे त्याची क्रयशक्ती स्थिर राहील, अशी त्यांची एक योजना होती. ती अमलात आली नाही. दुसरी कल्पना काही प्रमाणात उतरली. महागाईनुसार परतफेड बदलणारे कर्जरोखे १९२५ मध्ये एका अमेरिकी कंपनीने त्यांच्या आग्रहावरून काढले. भारतात रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्ये ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेली बचतपत्रे आणली, त्यामागचे तत्त्व हेच होते. १९२६ मध्ये त्यांनी भावबदल आणि बेरोजगारी यांच्यातील नात्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हेच नाते तीन दशकांनी फिलिप्स वक्ररेषा या नावाने गाजले.

मग १९२९ मध्ये चूक कुठे झाली?

फिशर केवळ प्राध्यापक नव्हते. पटकन चाळता येतील अशा कार्डांची एक पद्धत त्यांनी शोधून काढली होती आणि तिचे पेटंट घेतले होते. त्यासाठी काढलेली कंपनी पुढे विलीनीकरणांतून रेमिंग्टन रँड या मोठ्या कंपनीचा भाग झाली. फिशर लक्षाधीश झाले आणि कर्ज काढून त्यांनी आणखी समभाग घेतले.

१९२०च्या दशकात त्यांचा निर्देशांक बऱ्यापैकी स्थिर होता. महागाई नाही, चलनघट नाही. तंत्रज्ञान सुधारत होते, उत्पादकता वाढत होती. भाव स्थिर म्हणजे अर्थव्यवस्था सुदृढ, असा अर्थ त्यांनी लावला. ऑक्टोबर १९२९ च्या मध्याला त्यांनी जाहीरपणे सांगितले, की शेअरच्या किमती आता कायमच्या उंच पठारावर पोहोचल्या आहेत. पुढच्या दोन आठवड्यांतच बाजार कोसळला. त्यानंतरही बरेच महिने ते लवकर सुधारणा होईल असे सांगत राहिले. जुलै १९३२ पर्यंत डाऊ जोन्स निर्देशांक शिखरापासून जवळपास ९० टक्के घसरला होता.

फिशर यांची सारी संपत्ती गेली आणि डोक्यावर कर्ज राहिले. वेलस्ली महाविद्यालयाच्या माजी अध्यक्ष असलेल्या त्यांच्या मेहुणीने, कॅरोलाइन हॅझर्ड यांनी, त्यांना मोठी रक्कम उसनी दिली. राहते घर वाचवण्यासाठी येल विद्यापीठाने ते विकत घेतले आणि फिशर तिथे भाडेकरू म्हणून राहिले. लोक उशिरा सावध होतात हे रुपयाच्या रोख्यांवरून दाखवणारा माणूस स्वतःच उशिरा सावध झालेल्यांत निघाला.

मंदीतून त्यांनी काय शिकले?

इथे फिशर यांचे मोठेपण दिसते. हसे झालेले असताना त्यांनी आपली चूक नेमकी कुठे होती याचा शोध घेतला. १९३३ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात त्यांनी मोठ्या मंद्यांचा नवा सिद्धांत मांडला. त्यांच्या निर्देशांकात एक गोष्ट दिसत नव्हती, ती म्हणजे कर्ज.

त्यांचा युक्तिवाद असा. लोकांनी फार कर्ज काढलेले असते. काही कारणाने भीती पसरते आणि सगळे एकदम कर्ज फेडायला धावतात. त्यासाठी माल, जमीन, समभाग मिळेल त्या किमतीला विकले जातात. बँकांतला पैसा आटतो आणि भाव पडतात. पण कर्जाचा आकडा भावाबरोबर कमी होत नाही. एखाद्या शेतकऱ्याने गव्हाचा भाव एक डॉलर असताना हजार डॉलर कर्ज घेतले, तर फेडीला हजार मापे गहू लागतो. भाव निम्म्यावर आला, की तेच कर्ज दोन हजार मापांचे होते. फिशर यांच्या हिशेबाने १९२९ ते मार्च १९३३ या काळात अमेरिकेतील कर्जाची रक्कम सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली, पण डॉलरची किंमत सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्याने कर्जाचे खरे ओझे सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. लोक जितके फेडत होते, तितके अधिक देणे लागत होते.

म्हणून भाव आपोआप सावरतील याची वाट पाहू नये, सरकारने ते मुद्दाम पूर्वीच्या पातळीवर आणावेत, असा आग्रह त्यांनी फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडे धरला. रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये डॉलरची सोन्याशी असलेली जुनी बांधणी सोडली आणि १९३४ च्या सुरुवातीला सोन्याचा दर प्रतिऔंस २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर केला. भाव वर येऊ लागले. हा निर्णय एकट्या फिशर यांच्यामुळे झाला नाही, पण त्यामागचे तर्कशास्त्र सर्वांत स्पष्टपणे मांडणाऱ्यांत ते होते.

तेव्हा मात्र त्यांचे फार कुणी ऐकले नाही. १९२९ चे वाक्य त्यांच्या नावाला चिकटले होते आणि केन्स यांचे विचार लवकरच सर्वत्र पसरले. २९ एप्रिल १९४७ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. २००८ च्या जागतिक वित्तीय संकटानंतर त्यांचा १९३३ चा लेख पुन्हा आवर्जून वाचला जाऊ लागला.

आज आपल्यासाठी याचा अर्थ काय?

भारतात २०१६ च्या कायदादुरुस्तीने महागाईचे लक्ष्य ठरवण्यात आले. ते चार टक्के असून दोन्ही बाजूंना दोन टक्क्यांची मुभा आहे. या पद्धतीचा कणा अपेक्षा हाच आहे. महागाई चारच्या आसपास राहील असा विश्वास असेल, तर कामगार संघटना पगारवाढ मागताना, दुकानदार भाव लावताना आणि बँका व्याज ठरवताना त्याच हिशेबाने चालतात. विश्वास उडाला, की प्रत्येक जण आधीच वाढ करून ठेवतो आणि त्यातूनच महागाई वाढते.

म्हणूनच रिझर्व्ह बँक कुटुंबांना विचारते. अलीकडच्या फेऱ्यांत मुंबई आणि नागपूरसह १९ शहरांत ही पाहणी होते. बहुतेक वेळा कुटुंबांना जाणवणारी महागाई सरकारी आकड्यापेक्षा बरीच जास्त असते. ती शब्दशः खरी मानायची नसते. ती वर जाते आहे की खाली, हे पाहायचे असते. भाजी, दूध, गॅस अशा रोजच्या खरेदीचे भाव मनावर अधिक ठसतात. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेये यांचा वाटा ४५.८६ टक्के होता. कांदा-टोमॅटो महागले की घराघरांतली अपेक्षा का हलते, हे त्यावरून समजते.

फिशर यांच्या आयुष्यातून महागाईचा आकडा वाचण्याचे दोन नियम निघतात. पहिला, तो कधीही एकटा वाचू नये. पगारवाढ, ठेवीचे व्याज आणि कर्जाचा हप्ता यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय आपण पुढे गेलो की मागे, हे कळत नाही. दुसरा, महागाई कमी आहे म्हणून सगळे आलबेल आहे असे मानू नये. १९२९ मध्ये भाव शांत होते आणि कर्ज वाढत होते. शेतमालाचे भाव पडल्यावर महागाईचा आकडा खाली येतो आणि शहरात समाधान व्यक्त होते. त्याच वेळी सोसायटीचे पीककर्ज फेडायला शेतकऱ्याला अधिक पोती विकावी लागतात. ती वाढीव पोती महागाईच्या निर्देशांकात कुठेच मोजली जात नाहीत.